मंडळी ते जनरल कॉन्फरन्स: मधल्या पायऱ्या नीट कशा चालवायच्या

ठाणे, ऐरोली किंवा नेरूळच्या मेथडिस्ट माणसाला राष्ट्रीय कार्यालय लांबचं वाटत नाही. मेथडिस्ट चर्च इन इंडियाचं मुख्य कार्यालय मुंबई सेंट्रलला आहे, लोकलनं सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. म्हणूनच या पट्ट्यात एक सवय सहज लागते. पाळकांची बदली असो, पार्सोनेजची (पाळकांच्या घराची) गळती असो की हिशोबाचा वाद, दोघं-तिघं उठतात आणि थेट वर भेटायला जातात. तिथून कागद परत खाली येतो, कारण त्या विषयाचा अधिकार मधल्या पायरीकडे, म्हणजे डिस्ट्रिक्ट आणि वार्षिक कॉन्फरन्सकडे, असतो आणि तिथं विषय नोंदलेलाच नसतो. वेळ जातो, शिवाय डीएसना (डिस्ट्रिक्टवर देखरेख करणाऱ्या पाळकांना) वगळून गेल्याचा कडवटपणा उरतो.

मधली पायरी ही टपाल पुढे ढकलणारी खिडकी नाही. पाळक पाठवणं, खर्च वाटून घेणं आणि मालमत्ता राखणं ही तीन कामं मेथडिस्ट पद्धतीत तिथंच होतात. ही तिन्ही कामं कोण, कोणत्या सभेत, कोणत्या कागदावर करतं हे मंडळीतल्या, म्हणजे स्थानिक चर्चमधल्या, निदान चार-पाच जणांना ठाऊक असलंच पाहिजे.

आपण कोणत्या परंपरेतले, ते आधी पाहा

इंटरनेटवर मेथडिस्ट रचनेची माहिती शोधली की बरीचशी ब्रिटनमधली सापडते, आणि ती इथं जशीच्या तशी लागू होत नाही. गोंधळाचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी पहिली कॉन्फरन्स, म्हणजे प्रवचनकारांची सभा, 1744 मध्ये लंडनला भरवली. दोनच वर्षांत प्रवचनकारांच्या फिरतीचे मार्ग ठरले आणि त्यांना सर्किट म्हणू लागले. 1791 मध्ये वेस्ली वारले. सगळे वाद एकट्यानं मिटवणारा माणूस गेल्यावर सर्किटांच्या वर डिस्ट्रिक्ट आले. ब्रिटनमध्ये आजही क्रम तोच आहे: स्थानिक मंडळी, सर्किट, डिस्ट्रिक्ट आणि वर्षातून एकदा भरणारी कॉन्फरन्स. तिथं बिशप नाही. डिस्ट्रिक्टला चेअर असतो, त्याच्या सभेला सिनॉड म्हणतात, आणि पाळकाला सर्किट आमंत्रण देतं, सहसा आधी पाच वर्षांसाठी.

अमेरिकेत वाट वेगळी झाली. 1784 मध्ये बाल्टिमोरला चर्च स्वतंत्रपणे उभं राहिलं आणि त्यानं बिशप ठेवले. अंतरं प्रचंड असल्यानं सगळ्या पाळकांना एका ठिकाणी जमणं अशक्य होतं, म्हणून 1796 मध्ये हद्दी आखून सहा वार्षिक कॉन्फरन्स केल्या. पुढे सर्वांनी येण्याऐवजी निवडलेल्या प्रतिनिधींनीच जनरल कॉन्फरन्सला, म्हणजे संपूर्ण चर्चच्या सर्वोच्च सभेला, यायचं ठरलं, आणि तशी पहिली कॉन्फरन्स 1812 मध्ये भरली.

भारतातलं मेथडिस्ट चर्च या दुसऱ्या वाटेचं. अमेरिकेतून मिशनरी विल्यम बटलर 1856 मध्ये आले आणि काम बरेलीला सुरू झालं. दुसरे अमेरिकन मिशनरी विल्यम टेलर यांच्या सभांमधून 1871-72 च्या सुमारास मुंबईत स्वतःचा खर्च स्वतः उचलणाऱ्या मंडळ्या उभ्या राहिल्या. 1892 मध्ये बॉम्बे कॉन्फरन्स वेगळी झाली. 1930 मध्ये जसवंतराव चितंबर हे पहिले भारतीय मेथडिस्ट बिशप निवडले गेले. 1981 पासून मेथडिस्ट चर्च इन इंडिया स्वायत्त आहे. ब्रिटिश परंपरेतल्या मेथडिस्ट मंडळ्या मात्र दक्षिणेत 1947 ला सीएसआयमध्ये (चर्च ऑफ साउथ इंडिया) आणि उत्तरेत 1970 ला सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) विलीन झाल्या. तेव्हा ब्रिटिश नियमावली वाचून ‘आमच्या सर्किटनं पाळकांना आमंत्रण दिलं आहे’ असा ठराव ठाण्यात कुणी केला, तर त्याला काही किंमत नाही. आपल्याकडे नेमणूक बिशप करतात. हाताशी असायला हवं ते आपल्या चर्चचं बुक ऑफ डिसिप्लिन, म्हणजे नियमांचं पुस्तक, आणि तेही चालू आवृत्तीचं. जनरल कॉन्फरन्स चार वर्षांच्या चक्रानं चालते आणि डिसिप्लिन बदलण्याचा अधिकार तिलाच आहे, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीची प्रत दाखवून केलेला युक्तिवाद टिकत नाही.

सभा वेगळी, माणूस वेगळा

प्रत्येक पायरीवर दोन गोष्टी असतात: मत देणारी सभा आणि देखरेख करणारा माणूस. मंडळीत वार्षिक सभा आणि पाळक. डिस्ट्रिक्टमध्ये डिस्ट्रिक्ट कॉन्फरन्स आणि डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट, म्हणजे डीएस. त्याच्या वर वार्षिक कॉन्फरन्स, काही ठिकाणी तिलाच प्रादेशिक म्हणतात, आणि तिचे बिशप. डीएस नियम करत नाहीत आणि सभा बदल्या करत नाही. एवढं ध्यानात ठेवलं तरी अर्धे वाद टळतील. एखादा विषय कुठं न्यायचा ते ठरवताना एकच विचारा: यात मत घ्यायचं आहे की निर्णय घ्यायचा आहे? मत असेल तर सभेच्या विषयपत्रिकेवर घाला. निर्णय असेल तर त्या अधिकाऱ्याला पत्र द्या.

पाळकाचं सभासदत्व स्थानिक मंडळीत नसतं, वार्षिक कॉन्फरन्समध्ये असतं. दीक्षा, शिस्तभंग, निवृत्ती हे सगळं तिथं ठरतं. म्हणून ‘आम्ही पाळकांना काढलं’ हा मंडळीचा ठराव रचनेच्या दृष्टीनं निरर्थक आहे. तक्रार लेखी, तारीख-वार देऊन डीएसकडे द्यायची असते. पाळकांवर आरोप करणाऱ्या पत्रावर चाळीस सह्या गोळा करण्यापेक्षा प्रत्यक्ष पाहिलेल्या दोघांचं सहीनिशी निवेदन जास्त कामाचं.

हद्द रेल्वेच्या मार्गानं आखा

इथं एक खुलासा: चर्चचं डिस्ट्रिक्ट आणि सरकारी जिल्हा यांचा काही संबंध नाही. बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात येते, खारघर आणि पनवेल रायगडमध्ये. उपासनेसाठी यानं फरक पडत नाही. नोंदणीसाठी मात्र पडतो, ते पुढे येईल.

दोन-तीन छोट्या मंडळ्या एका पाळकाखाली जोडायच्या असतील तर नकाशावरचं अंतर मोजू नका, लोक रविवारी कसे येतात ते पाहा. ट्रान्स-हार्बर मार्गावर ठाणे, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी ही एक साखळी आहे. नेरूळ, बेलापूर, खारघर, पनवेल ही दुसरी. कल्याण-अंबरनाथ मध्य रेल्वेवर, म्हणजे त्यांचा ओढा ठाण्याकडे. घोडबंदर रोडची गोष्ट निराळी. ठाणे स्टेशनला यायलाच तिथल्या कुटुंबांना रस्त्यानं बराच वेळ लागतो, म्हणून तिथं वेगळी मंडळी काढण्याची घाई न करता आधी घरगुती प्रार्थनागट बांधावा. वेस्लींच्या काळी 1742 मध्ये ब्रिस्टलला जे क्लास सुरू झाले ते साधारण बारा जणांचे, एका पुढाऱ्याच्या देखरेखीखाली. हाच आकडा आजही योग्य आहे. बारावर गेलं की पुढाऱ्याला प्रत्येकाच्या घरी जाणं जमत नाही.

एका पाळकाकडे दोन मंडळ्या असतील तर दोन उपासनांच्या सुरुवातींमध्ये अडीच तासांचं अंतर ठेवा: ठाण्यात साडेआठ, ऐरोलीत अकरा. त्याहून कमी ठेवलं तर पहिली उपासना संपल्यावर पाळकांना कुणाशी बोलताच येत नाही आणि लोकांच्या मनात ‘येतात आणि पळतात’ हे बसतं. प्रभुभोजनाचे रविवार वेगवेगळे ठेवा: पहिला एका मंडळीत, दुसरा दुसरीत. रविवारचा मेगाब्लॉक हा इथला कायमचा पाहुणा. तो बहुतेक वेळा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारपर्यंत चालतो, म्हणून संयुक्त समितीची बैठक रविवारी दुपारी लावूच नका. शनिवारी संध्याकाळी सहा ही वेळ बहुतेकांना जमते.

ब्रिटिश परंपरेतली एक गोष्ट मात्र उचलण्याजोगी आहे, ती म्हणजे तिमाही प्रवचन-नियोजन. एका कागदावर डावीकडे मंडळ्या, वर तेरा रविवार, प्रत्येक चौकोनात प्रवचनकाराचं नाव आणि प्रभुभोजन, बाप्तिस्मा, कापणीचा सण यांच्या खुणा. तिमाही सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी हा तक्ता सगळ्यांच्या हातात हवा. बदल झाला तर ज्याचं नाव आहे त्यानंच बदली शोधायची, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. नाहीतर शनिवारी रात्रीचे सगळे फोन पाळकांनाच जातात.

डिस्ट्रिक्ट किती मोठं असावं? हिशोब साधा आहे. वर्षात 52 रविवार. नाताळ, झावळ्यांचा रविवार, ईस्टर, कॉन्फरन्सचे दिवस आणि सुटी वजा केली की डीएसकडे 42-44 उरतात. प्रत्येक मंडळीला वर्षातून दोन भेटी द्यायच्या तर एकवीस-बावीस मंडळ्यांवर गाडी थांबते. त्यापुढे गेलात की डीएस भांडण झालं तरच येतात, आणि लोक त्यांना फक्त भांडणाशीच जोडू लागतात.

वार्षिक सभा

मंडळीची वार्षिक सभा ही वरच्या रचनेला जोडणारा खिळा आहे. अमेरिकन परंपरेत तिला चार्ज कॉन्फरन्स म्हणतात आणि अध्यक्षस्थानी डीएस किंवा त्यांनी नेमलेले पाळक असतात. मंडळीनं आपली आपण भरवलेली सभा चर्चा म्हणून ठीक, पण तिच्यातल्या निवडणुका वर धरल्या जात नाहीत.

तयारी वार्षिक कॉन्फरन्सच्या तारखेपासून मागे मोजत करा. सोळा आठवडे आधी सभासदांची यादी तपासायला घ्या: वर्षभरातले बाप्तिस्मे, दृढीकरणं, बदलीचे दाखले घेऊन आलेले आणि गेलेले, मृत. बारा आठवडे आधी हिशोब बंद करून तपासनिसाकडे द्या. दहा आठवडे आधी डीएसना लेखी पत्र आणि तीन पर्यायी तारखा. मग लागोपाठ दोन रविवार उपासनेत जाहीर सूचना. सभा आठ आठवडे आधी झाली पाहिजे, कारण आकडेवारीचे तक्ते डिस्ट्रिक्टकडे जाऊन एकत्र व्हायला वेळ लागतो.

सगळ्यात जास्त चुका सभासदसंख्येत होतात. नवी मुंबईत घरं बदलणं सतत चालू असतं. नेरूळची कुटुंबं उलव्याला किंवा पनवेलला जातात, नाव जुन्या मंडळीत राहतं, नव्या मंडळीतही चढतं. दोन्हीकडे मोजलेल्या माणसामुळे वर गेलेला आकडा फुगतो आणि मंडळीनं वर द्यायची वर्गणीही फुगते. उपाय एकच: बदलीचा दाखला मिळाल्याशिवाय नाव चढवू नका, आणि दाखला दिल्या दिवशीच नाव कमी करा. तारीख आणि दाखल्याचा क्रमांक नोंदवहीत दोन्हीकडे.

इतिवृत्तात प्रत्येक ठरावाला क्रमांक, मांडणारा, अनुमोदक आणि मतांचे आकडे हवेत. ‘सर्वानुमते’ लिहायचं तर खरोखर कुणी विरोध केला नसेल तरच.

पाळकांची नेमणूक

नेमणूक वर्षा-वर्षाची असते आणि बिशप सगळ्या डीएसना घेऊन ती ठरवतात. मंडळीला मत देण्याचा अधिकार नाही, म्हणणं मांडण्याचा आहे, आणि तो बहुतेक मंडळ्या वाया घालवतात. त्या एखाद्या पाळकाचं नाव मागतात. नाव मागितलं की उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं. त्यापेक्षा गरज लिहा: उपासना मराठीत की मराठी-हिंदी दोन्हीत, तरुण किती, शनिवारी कामावर जाणारे किती, पार्सोनेज कुठं आणि किती खोल्यांचं, पाळकांच्या मुलांसाठी कोणत्या माध्यमाची शाळा जवळ आहे. हे पत्र एक पानाचं, समितीच्या सह्यांचं, नेमणुकांच्या बैठकीच्या दोन महिने आधी डीएसच्या हातात पडलं तर त्याचा उपयोग होतो. कॉन्फरन्समध्ये नेमणुका वाचून दाखवल्यानंतर केलेल्या अर्जानं सहसा काहीच हलत नाही.

बदली झाली की सामानाआधी कागद हस्तांतरित करा: बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या, बँकेच्या सहीचे बदल, मालमत्तेची कागदपत्रं, किल्ल्या, चालू दाव्यांच्या तारखा. यादी दोन प्रतींत, जाणारे आणि येणारे दोन्ही पाळक आणि एका कारभाऱ्याच्या सहीनं. विवाहाच्या नोंदवहीला विशेष जपा. पासपोर्ट आणि व्हिसासाठी लोक वीस वर्षांनीही दाखला मागायला येतात.

वर्गणीची वाटणी

मधल्या पायरीचा खर्च मंडळ्यांवर वाटला जातो. वाटणीचं सूत्र आधी मान्य करून घ्या, आकडा नंतर. उदाहरणासाठी तीन मंडळ्या धरू. पहिलीचे 120 सभासद, मागच्या तीन वर्षांचं सरासरी उत्पन्न 9 लाख. दुसरीचे 60 आणि 3.6 लाख. तिसरीचे 20 आणि 1.4 लाख. सामायिक खर्च 3,50,000 रुपये.

अर्धी रक्कम, म्हणजे 1,75,000, सभासदसंख्येनं वाटली तर 1,05,000, 52,500 आणि 17,500 येतात. उरलेली अर्धी उत्पन्नानुसार वाटली तर 1,12,500, 45,000 आणि 17,500. एकूण पहिलीवर 2,17,500, दुसरीवर 97,500, तिसरीवर 35,000.

आता टक्के पाहा. पहिली मंडळी उत्पन्नाच्या सुमारे 24 टक्के देते, तिसरी 25, पण दुसरी 27. दुसऱ्या मंडळीत माणसं आहेत, पगार कमी आहेत. निव्वळ संख्येवर वाटणी केली असती तर तिच्यावर 1,05,000 आले असते, म्हणजे 29 टक्क्यांहून जास्त. संख्येचं वजन जितकं वाढवाल तितका भार कष्टकरी मंडळीवर सरकतो. शिवाय सभासदांची नावं लपवण्याचा मोह होतो. आमच्या मते संख्येला एक तृतीयांशापेक्षा जास्त वजन देऊ नये. उत्पन्न एका वर्षाचं न धरता तीन वर्षांची सरासरी धरा, म्हणजे छप्पर दुरुस्तीसाठी एकदाच गोळा केलेली देणगी पुढच्या वर्षी अंगाशी येत नाही. बांधकाम निधी सूत्रातून पूर्ण वगळायचा की नाही, हेही लिहून ठेवा. वर्गणी दर महिन्याला द्या. वर्षअखेरीला एकरकमी देऊ म्हणणाऱ्या मंडळीकडे मार्चमध्ये पैसे उरलेले नसतात.

मालमत्ता

मेथडिस्ट मालमत्ता संपूर्ण चर्चसाठी विश्वस्त भावनेनं धरली जाते. वेस्लींनी 1763 मध्ये आदर्श दस्तऐवज तयार केला तोच यासाठी, म्हणजे मंडळी फुटली तरी प्रार्थनास्थळ कुणा एका गटाच्या हाती जाऊ नये. त्यामुळे फ्लॅट किंवा गाळा कधीही पाळकांच्या, खजिनदाराच्या किंवा एखाद्या उदार सभासदाच्या नावावर घेऊ नका. तो माणूस वारला की वारस येतात, आणि मग दिवाणी कोर्ट. सिडकोच्या जमिनीवर तर जागा भाडेपट्ट्याची असते, हस्तांतरणाला आणि वापर बदलायला परवानगी लागते. करार करण्याआधी कागद कॉन्फरन्सच्या मालमत्ता समितीला दाखवा, टोकन दिल्यावर नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 लागू आहे. विश्वस्त बदलले तर 90 दिवसांत कलम 22 खाली बदल अर्ज. स्थावर मालमत्ता विकायची, बक्षीस द्यायची, अदलाबदल करायची किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त काळ भाड्यानं द्यायची तर कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी. कॉन्फरन्सचा ठराव या परवानगीच्या जागी चालत नाही, आणि परवानगी ठरावाच्या जागी चालत नाही. दोन्ही लागतात. मंडळीचा स्वतंत्र न्यास असेल तर तो कोणत्या कार्यालयात नोंदलेला आहे ते तपासा. ऐरोलीचा ठाण्यात असेल, खारघरचा रायगडच्या कार्यालयात, आणि एका पाळकाखाली एकत्र पॅस्टोरेट केल्यानं नोंदणी आपोआप एक होत नाही. परदेशी देणगीबाबतही सावध राहा. परदेशी योगदान कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीनंतर एका नोंदणीकृत संस्थेनं घेतलेलं परदेशी योगदान दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, त्यामुळे ‘कॉन्फरन्सच्या खात्यावर घेऊन आमच्या न्यासाला द्या’ हा जुना मार्ग बंद आहे.

प्रतिनिधी आणि ठराव

पाळक आणि सामान्य सभासद दोघांचीही मतं असणं ही मेथडिस्टांनी सावकाश मिळवलेली गोष्ट आहे. अमेरिकेतल्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चमध्ये जनरल कॉन्फरन्सला सामान्य पुरुष 1872 मध्ये बसले, स्त्रिया 1904 मध्ये. म्हणून प्रतिनिधी निवडताना ‘ज्याला सुटी मिळते तो’ हा निकष लावू नका. निवडीआधी विचारा: तीन-चार दिवस पूर्ण बसाल का, तक्ते वाचून याल का, परत येऊन सांगाल का. पर्यायी प्रतिनिधीही त्याच सभेत निवडा. ऐन वेळी पाठवलेल्या माणसाला मत देता येत नाही.

वर न्यायचा ठराव एका मागणीचा असावा. डिसिप्लिनचं कलम, अडचण दोन वाक्यांत, मागणी एका वाक्यात आणि खर्च किती. ‘चर्चनं तरुणांकडे लक्ष द्यावं’ असे ठराव मंजूर होतात आणि फायलीत राहतात. ‘डिस्ट्रिक्टनं ठाणे ते पनवेल पट्ट्यासाठी एक तरुण-कार्यकर्ता अर्धवेळ नेमावा, खर्च अमुक, तो अमुक निधीतून’ अशा ठरावावर सभेला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. घटनादुरुस्तीसारख्या मोठ्या विषयांत तर मधली पायरी शेवटचा शब्द बोलते. अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये घटना बदलायची तर जनरल कॉन्फरन्समध्ये दोन तृतीयांश मतं लागतात, आणि मग वार्षिक कॉन्फरन्सच्या सभासदांच्या एकूण मतांतही दोन तृतीयांश. प्रादेशिक कॉन्फरन्सांना (तिथं याचा अर्थ वार्षिक नव्हे, जगातल्या मोठ्या भागांच्या कॉन्फरन्स) जास्त अधिकार देण्याचा 2024 मधला प्रस्तावही याच वाटेनं पाठवावा लागला.

प्रतिनिधी परतल्यावर दोन रविवारांच्या आत एक पानाचा लेखी अहवाल सूचना फलकावर लावावा: मंजूर झालेले ठराव, आपल्या ठरावाचं काय झालं, पुढच्या वर्षाची वर्गणी, नेमणुका आणि डिस्ट्रिक्टला द्यायच्या कागदांच्या तारखा. त्याची एक प्रत इतिवृत्ताच्या वहीत चिकटवा. पुढच्या वर्षीचा प्रतिनिधी निवडला गेला की पहिल्यांदा तीच त्याच्या हातात द्या.